चूक कोणाची? : रुग्णसुरक्षा, संशोधन आणि संगणक

माझ्या आत्याला संधिवाताचे दुखणे फार जुने आहे. सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळत नाही, पोळपाटावर लाटणे फिरत नाही. गेल्या वर्षी दुखणे फारच बळावले म्हणून तिला एका मोठ्या रुग्णालयात चार दिवस ठेवून घेतले आणि घरी सोडताना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मोठ्या डॉक्टरांनी केसपेपरवर तसेच लिहिले होते. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी ते डिस्चार्ज कार्डावर उतरवून घेताना इंग्रजी आद्याक्षरे वापरली. 'ओ. डब्ल्यू.' म्हणजे आठवड्यातून एकदा आणि 'ओ. डी.' म्हणजे दिवसातून एकदा, असा तो संकेत. घाईत काढलेले दुसरे अक्षर औषधाच्या दुकानात 'डी' असे वाचले गेले आणि दुकानदाराने पाकिटावर तशी खूण केली. आत्याला इंग्रजी येत नाही. म्हणून मी घरी वहीचा कागद घेऊन ठळक मराठीत लिहून दिले : 'सकाळी नाश्त्यानंतर रोज एक.' तो कागद तिने देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवला आणि भक्तिभावाने पाळला.

नवव्या दिवशी तिच्या तोंडात फोड आले. पाणी गिळवेना, अंगात ताप भरला. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेल्या होत्या. गोळी थांबवली, उताऱ्याचे औषध सुरू झाले आणि दोन आठवड्यांनी आत्या बरी होऊन घरी आली. त्या दोन आठवड्यांत रुग्णालयाच्या बाकावर बसून आमच्या घरात एकच वाद चालला होता : चूक कोणाची? काका म्हणत, डॉक्टरांची. डॉक्टर म्हणत, दुकानदाराची. दुकानदार म्हणे, अक्षराची. माझे नाव कोणी घेतले नाही. पण भिंतीवरचा कागद माझ्याच हस्ताक्षरातला होता.

प्रस्तुत लेखाचे मूळ त्या कागदात आहे. वैद्यकाच्या विषयात कला शाखेच्या विद्यार्थिनीने का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. पण वर सांगितलेल्या घटनेत वैद्यक कोठे चुकले? रोगनिदान बरोबर होते, औषध बरोबर होते. चुकला तो मजकूर, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना. हा विषय आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांना परका नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात नकलल्या जाता जाता त्यांत इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथमहाराजांना निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. नक्कल करणारे लेखक आळशी होते किंवा अश्रद्ध होते असे कोणी म्हणत नाही. नक्कल म्हटली की चूक आलीच. फरक एवढाच, की पोथीतला अपपाठ अर्थ बिघडवतो आणि औषधाच्या कागदावरचा अपपाठ माणूस बिघडवतो.

मोजण्यापासून सुरुवात

रुग्णालयात बरे होण्यासाठी जावे आणि तेथेच नवे दुखणे पदरी पडावे, हा अनुभव जुना आहे. नवीन आहे ती त्याच्याकडे संशोधनाच्या नजरेने पाहण्याची रीत. या रीतीची सुरुवात मोजण्याने झाली.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते, तर दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने ही तफावत दैवावर न सोडता दप्तरातील महिनावार आकडे समोर ठेवून विचार केला. १८४७ साली त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी चाकू लागून वारला आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींच्या शरीरात दिसत तशीच लक्षणे आढळली. विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट प्रसूतीच्या खोलीत येत. सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागातील मृत्युप्रमाण १८.३ टक्के होते, ते जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आले. त्या वेळी रोगजंतूंचे शास्त्र जन्मालाही आले नव्हते. रोगाचे कारण पुरते उमगण्याआधीच नोंदवहीने उपाय दाखवला होता. तरीही 'तुमचेच हात मृत्यू घेऊन येतात' हे ऐकून घेणे पुष्कळ डॉक्टरांना मानवले नाही, आणि सेमेलवाइस १८६५ साली उपेक्षेतच वारला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेतलेली परिचारिका येते. पण तिच्या दुसऱ्या हातात आकडेवारीचा कागद होता, हे शालेय पुस्तकांतून क्वचितच कळते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांनी मरतात त्यापेक्षा कितीतरी अधिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मरतात, हे तिने १८५८ साली आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. पुढे सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्याचे तक्ते भरावेत असा आग्रह तिने धरला. प्रत्येक रुग्णालयाची नोंद निराळ्या भाषेत असेल तर एकाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही, हा तिचा मुद्दा आजच्या संगणकाच्या युगातही तितकाच खरा आहे.

तिसरे नाव त्या मानाने कमी परिचित आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरातील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन याने आपल्या प्रत्येक रोग्यासाठी एक कार्ड ठेवले. शस्त्रक्रिया झाली एवढ्यावर न थांबता, वर्षभराने रोगी कसा आहे, आणि बरा नसेल तर काय चुकले, हे तो त्यावर लिही. १९११ ते १९१६ या काळात त्याच्या छोट्या रुग्णालयातून ३३७ रोगी बाहेर पडले आणि त्याने स्वतःच्या १२३ चुका छापून जाहीर केल्या! इतर रुग्णालयांनीही असेच करावे असे तो म्हणू लागला, तेव्हा वैद्यकाच्या प्रतिष्ठित वर्तुळात तो नकोसा झाला. चूक लपवणे हा मनुष्यस्वभाव आहे. चूक मोजणे ही शिकून अंगी बाणवावी लागणारी गोष्ट आहे.

माणूस की व्यवस्था?

यानंतर पुष्कळ वर्षे हा विषय मागे पडला. तो ठळकपणे पुढे आला १९९१ साली. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांतील १९८४ सालचे ३० हजारांवर केसपेपर वाचून काढले. त्यांना असे आढळले, की १०० पैकी ३.७ रोग्यांना मूळ आजारामुळे नव्हे तर उपचारामुळे इजा झाली होती, आणि या इजांपैकी २७.६ टक्के निष्काळजीपणाच्या सदरात मोडत होत्या. या शेवटच्या आकड्याकडे पाहावे. इजा होणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत कोणी बेपर्वाईने वागले असे म्हणता येत नव्हते. मग या इजा कोठून आल्या?

उत्तरासाठी एक करुण उदाहरण सांगते. बेट्सी लेमन ही 'बोस्टन ग्लोब' या दैनिकात आरोग्यविषयक सदर लिहिणारी पत्रकार होती. वय अवघे ३९. स्तनाच्या कर्करोगासाठी बोस्टनमधील नामांकित डाना-फार्बर संस्थेत तिच्यावर संशोधनाच्या योजनेखाली उपचार चालू होते. एका तीव्र औषधाची जी मात्रा चार दिवसांत मिळून द्यायची होती, ती चारही दिवस रोज दिली गेली. ३ डिसेंबर १९९४ रोजी ती वारली. ज्या गावात, ज्या संस्थेत, ज्या डॉक्टरांच्या हातून चूक होणे अशक्य असे सर्वांना वाटे, तेथेच ती झाली. आणि उघडकीस कशी आली? दोन महिन्यांनी, संशोधनासाठी तिच्या उपचारांचे आकडे नेहमीप्रमाणे नोंदले जात असता ते जुळेनात म्हणून! पाहणाऱ्या अनेक डोळ्यांतून जे निसटले ते नोंदीने पकडले. पण फार उशिरा. ही ताडणी औषध देण्याआधी झाली असती तर?

बेट्सी लेमनची आणि माझ्या आत्याची कथा वाचून वाचकांना साम्य दिसेल. चार दिवसांचे औषध एका दिवसात, आठवड्याचे औषध एका दिवसात. शहरे निराळी, वर्षे निराळी, चुकीची जात मात्र एकच.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन याने अशा अपघातांचा फार मोलाचा विचार केला आहे. भोके असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक उभ्या केल्या आहेत अशी कल्पना करावी, असे तो सुचवतो. प्रत्येक चकती म्हणजे एक बचाव : डॉक्टर, औषधविक्रेता, परिचारिका, नातेवाईक. प्रत्येकीत भोके आहेतच. एरवी एका चकतीचे भोक दुसरी झाकते. पण एखाद्या दिवशी सर्व भोके एका रेषेत येतात आणि संकट आरपार निघून जाते. आमच्या घरी चार चकत्या होत्या. चौथी मी.

१९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 'टु एर इज ह्यूमन' हा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णालयांतील चुकांमुळे अमेरिकेत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरत असावीत, असा अंदाज त्यात होता. या अंदाजावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु अहवालाचे खरे म्हणणे आकड्यात नव्हते. माणूस चुकणारच, तेव्हा चुकणाऱ्याला हुडकून शिक्षा करण्यापेक्षा चूक करणे अवघड आणि चूक सापडणे सोपे अशी कामाची पद्धत घालावी, हे ते म्हणणे होय. शिक्षेच्या भीतीने चुका कमी होत नाहीत, चुकांच्या नोंदी कमी होतात.

संगणकाचे साहाय्य

आता संगणकाकडे वळू. औषधाचा प्रवास चार टप्प्यांचा असतो : लिहिणे, उतरवून घेणे, काढून देणे आणि रोग्याला देणे. या प्रत्येक टप्प्यावर संगणक काय करू शकतो याचे पद्धतशीर संशोधन झाले आहे.

पहिल्या टप्प्यावर डॉक्टर हाताने न लिहिता औषधाची सूचना थेट संगणकात भरतात. अक्षर न लागण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय मात्रा नेहमीपेक्षा अधिक असेल, रोग्याला त्या औषधाची ॲलर्जी असेल किंवा दोन औषधांचे एकमेकांशी जमत नसेल, तर संगणक तेथेच हटकतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डेव्हिड बेट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेळीच न पकडल्या गेलेल्या गंभीर औषधचुकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्क्यांनी घटले होते.

शेवटच्या टप्प्याची हकीकत तर मनोरंजक आहे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालये आहेत. त्यांपैकी कॅन्सस राज्यातील टोपेका येथील एका परिचारिकेने भाड्याची मोटार परत करताना पाहिले, की नोकराने हातातले यंत्र मोटारीवरच्या रेघांच्या खुणेवर, म्हणजे बारकोडवर, धरले आणि क्षणात सारा हिशेब पुरा झाला. मोटारीची ओळख अशी पटते तर रोग्याची का नको? १९९० च्या दशकात त्या रुग्णालयांतून ही पद्धत रुजली. रोग्याच्या मनगटावर पट्टी, औषधाच्या पाकिटावर खूण. दोन्ही यंत्राला दाखवायच्या. जुळले नाहीत तर यंत्र ओरडते. ब्रिगहॅम रुग्णालयानेही ही पद्धत घेतली, तेव्हा निरीक्षकांनी परिचारिकांच्या शेजारी उभे राहून औषध देण्याचे १४,०४१ प्रसंग नोंदले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेळेच्या चुका सोडून इतर चुकांचे प्रमाण ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आलेले दिसले. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच एका आकड्याने. हाताने उतरवून घेतलेल्या सूचनांत ६.१ टक्के चुका होत्या. नव्या पद्धतीत उतरवून घेण्याचा टप्पाच नाहीसा झाल्याने या जातीची चूक शून्यावर आली. नक्कल करणाऱ्याला 'नीट बघून लिही' असे बजावून जे साधत नाही ते नक्कलच बंद केल्याने साधले.

नाण्याची दुसरी बाजू

एवढे वाचून संगणक आला की प्रश्न मिटला असे कोणास वाटेल. मलाही वाटले होते. पण संशोधनाचा मोठेपणा असा, की ते आवडत्या उपायालाही तपासून पाहते.

२००५ साली रॉस कॉपेल या समाजशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया येथील एका विद्यापीठ-रुग्णालयातील संगणकपद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संगणकामुळेच संभवणाऱ्या औषधचुकांचे २२ प्रकार दिले आहेत. एक नमुना सांगते. पडद्यावर एखाद्या औषधाच्या पुढे १० मिलिग्रॅम असे दिसे. तो आकडा रुग्णालयाच्या औषधकोठारात असलेल्या गोळीचा होता. तरुण डॉक्टर मात्र तीच कमीत कमी मात्रा असे धरून चालत. एका रोग्याची सर्व औषधे पाहण्यासाठी कधी कधी वीस पडदे उलगडावे लागत. यादीत शेजारी असलेल्या दुसऱ्याच रोग्याच्या नावावर बोट पडे. कॉपेल डॉक्टर नव्हे, समाजशास्त्रज्ञ. ही गोष्ट आमच्या समाजशास्त्राच्या मित्रांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयातील आकडे प्रसिद्ध झाले, ते वाचून तर मन सुन्न होते. विशेष उपचारांसाठी बाहेरून आणलेल्या अत्यवस्थ मुलांतील मृत्युप्रमाण संगणकपद्धती येण्यापूर्वी २.८० टक्के होते. पद्धती आल्यानंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले. कारणे पाहावीत. पूर्वी मूल वाटेत असतानाच डॉक्टर औषधांच्या सूचना देऊन ठेवत आणि परिचारिका सारे मांडून तयार राहत. नव्या पद्धतीत मूल प्रत्यक्ष येऊन त्याची नोंद झाल्याखेरीज संगणक सूचनाच घेईना. औषधे वॉर्डातून हलवून मध्यवर्ती दुकानात नेली होती. एक माणूस मुलाजवळचा उठून पडद्यासमोर बसू लागला. आणि हे सारे परिवर्तन अवघ्या सहा दिवसांत उरकले होते. याउलट, कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या मुलांच्या रुग्णालयात अशीच पद्धती आणल्यानंतर मृत्युप्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचे २०१० साली दिसून आले. तेव्हा दोष किंवा गुण नुसत्या यंत्राचा नसतो. कामाची रीत समजून घेऊन यंत्र बसवले की यंत्रासाठी रीत मोडली, यावर सारे अवलंबून असते.

आणखी एक अडचण मनुष्यस्वभावाची आहे. संगणक ऊठसूट धोक्याची सूचना देऊ लागला, की डॉक्टर ती न वाचताच पुढे सरकतात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सारे लहानपणी वाचूनच मोठे झालो आहोत.

कागदाचा एक तुकडा

सुरक्षिततेसाठी दर वेळी महाग यंत्रच लागते असेही नाही. अत्यवस्थ रोग्याच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिच्या वाटे रक्तात जंतू शिरतात. मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी केवळ पाच गोष्टींचा आग्रह धरला : हात धुणे, नळी घालताना निर्जंतुक आवरणे वापरणे, क्लोरहेक्झिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो मांडीच्या शिरेत नळी न घालणे आणि गरज संपताच नळी काढणे. एखादी पायरी चुकली तर परिचारिकेने डॉक्टरांना थांबवावे, हा अधिकारही तिला दिला. सरकारी अर्थसाहाय्याने शंभरावर अतिदक्षता विभागांत हा प्रयोग झाला आणि २००६ साली निष्कर्ष आले : १,००० नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेले जंतुसंसर्ग दीड वर्षात १.४ वर उतरले.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची यादी तयार करून आठ देशांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. त्यांत आपल्या नवी दिल्लीतील एक रुग्णालय होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरचे मृत्युप्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पण पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात हीच यादी सक्तीने लागू केली, तेव्हा २०१४ सालच्या पाहणीत लक्षणीय फरक दिसला नाही. यादीवर खुणा करणे आणि यादी पाळणे यांत अंतर असते. हजेरीपटावर सही करणे आणि वर्गात लक्ष देणे यांतही असतेच की!

आपल्याकडे

महाराष्ट्राला हा विषय दुःखदरीत्या परिचित आहे. १९८६ सालच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रोगी दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध-खरेदी, तपासणी आणि नियंत्रण या साऱ्या साखळीतील दोष उघडे केले. याच द्रव्याने अमेरिकेत १९३७ साली शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातून तेथील औषधांचा कायदा १९३८ साली कडक झाला होता. धडा लिहिलेला होता. तो आपल्यापर्यंत वाचला गेला नव्हता.

त्यानंतर काही पावले निश्चित पडली. औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवण्याचा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. नोंदीचा अर्ज केवळ डॉक्टरांनाच नव्हे, तर रोग्यालाही भरता येतो आणि तो मराठीतही उपलब्ध आहे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावे असा नियम २०१६ साली झाला. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्य-क्रमांक मिळावा, आणि रोग्याच्या संमतीने त्याची नोंद एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जावी, असा त्यामागचा हेतू आहे. सर्वांनी एका भाषेत नोंद ठेवावी हे नाइटिंगेलचे स्वप्न यात दिसते.

मात्र पिट्सबर्गचा धडा येथे विसरून चालणार नाही. एका डॉक्टरासमोर शेकडो रोग्यांची रांग असताना त्याने पडद्याकडे पाहावे की रोग्याकडे? वीज गेली तर नोंद कोठे मिळेल? आणि सर्वांत महत्त्वाचे : पडद्यावरचे शब्द रोग्याच्या भाषेत कोण आणणार? आत्याच्या बाबतीत डिस्चार्ज कार्ड संगणकावर सुबक छापले असते, तरी मराठीत सांगण्याचे शेवटचे काम माझ्याकडेच आले असते. हे संशोधन आपल्या रुग्णालयांत, आपल्या भाषेत व्हायला हवे, आणि ते एकट्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे काम नव्हे.

समारोप

वर सांगितलेल्या साऱ्या इतिहासातून मला एकच सूत्र दिसते. माणसाला 'चुकू नकोस' असे सांगणे हा उपाय नव्हे. चुका मोजाव्यात, उघडपणे लिहाव्यात, त्यांतून कामाची रीत बदलावी आणि बदललेली रीतही पुन्हा मोजावी. संगणक हा या कामातला उत्तम लेखनिक आहे. पण मोजायचे काय आणि बदलायचे काय, हे माणसानेच ठरवायचे आहे.

मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज घेतले जाण्याची चूक जगभर इतक्या वेळा झाली आहे, की ब्रिटनमध्ये २००६ साली त्याविषयी देशव्यापी इशारा काढण्यात आला. जाणकारांचे सांगणे असे, की 'आठवड्यातून एकदा' एवढे लिहून न थांबता वाराचे नाव लिहावे, औषध कशासाठी आहे तेही लिहावे, आणि संगणकात हे औषध भरताना 'आठवड्यातून एकदा' हेच आधीपासून मांडलेले असावे. कोणी 'रोज' लिहू लागला तर यंत्राने कारण विचारावे. हे वाचले तेव्हा रुग्णालयाच्या बाकावरचा आमचा वाद मला आठवला. चूक कोणाची, या प्रश्नावर आम्ही दोन आठवडे घालवले; ती कोठे अडवता आली असती, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

आत्याची गोळी डॉक्टरांनी काही महिन्यांनी, रक्त तपासून, पुन्हा सुरू केली. या वेळी मी कागद लिहायला बसले तेव्हा तिने मला थांबवले. "आधी डॉक्टर काय म्हणाले ते मला वाचून दाखव, मग मी म्हणून दाखवते, मग लिही," ती म्हणाली. तसेच केले. भिंतीवरच्या नव्या कागदावर आता 'संधिवातासाठी – फक्त गुरुवारी एक' असे लिहिले आहे, आणि शेजारच्या दिनदर्शिकेवर गोळी घेतली की आत्या त्या गुरुवारभोवती स्वतःच्या हाताने गोल काढते. बोटे आखडलेली असल्याने तो गोल वाकडातिकडा येतो. पण आमच्या घरातली ती सर्वांत विश्वासाची नोंद आहे.